मंडईच्या आधी कॉम्प्रेसरविषयी

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम जय भीम.

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. सोयाबीनच्या सोंगणीत उत्तर राहून गेले, राग मानू नकोस. ब्रह्मपुरीकडच्या ऑर्केस्ट्रात तू बेस गिटार वाजवू लागलास आणि दिवाळीनंतरच्या मंडयांची, म्हणजे गावोगावच्या जत्रांची, बोलणीही झाली, हे वाचून फार आनंद झाला. मंडईपूर्वी कॉम्प्रेसरचे पेडल (जोराचे स्वर दाबून सारे स्वर एका मापात आणणारी पायाजवळची पेटी) घ्यावे का, असे तू विचारतोस. अवश्य घे, मात्र घरच्या खोलीत ते जसे लावशील तसेच स्टेजवर ठेवू नकोस. ही गोष्ट मी स्वतःची फजिती करून शिकलो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गेल्या एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या कार्यक्रमाआधी चार रात्री खोलीत बसून मी पेडल लावले होते. थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणे सुरू होते ती) अगदी खाली, रेशो (किती पट दाबायचे ते) दहास एक, अटॅक (दाबू लागायला लागणारा वेळ) सर्वांत जलद आणि आउटपुट चढवलेला. चारही तारांवरचा प्रत्येक स्वर एका मापात येत होता आणि मी स्वतःवर खूश होतो. मैदानात ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड एकदम सुरू झाले, तेव्हा बेस कुठल्या कुठे गेला. मंडपाच्या टोकाला उभा असलेला माझा चुलतभाऊ नंतर म्हणाला, "तुझी बोटं हलताना दिसत होती, बाकी काही नाही."

कारण मागाहून ध्यानात आले. गर्दीच्या आवाजात बेस ओळखू येतो तो बोट तारेवरून सुटतानाच्या पहिल्या ठोक्यामुळे. जलद अटॅक नेमका तोच ठोका दाबतो, आणि मागे उरते ती नुसती घरघर. खोलीत भिंती खालचे स्वर उचलून धरतात, त्यामुळे ही उणीव कळत नाही. उघड्या मैदानात त्या स्वरांना भिंतींचा आधार नसतो.

दुसरी फजिती त्याच रात्रीची, आणि ती आठवली की आजही अंग चोरावेसे वाटते. कार्यक्रमाच्या आरंभी वंदना सुरू झाली, सारे उभे राहिले, आणि त्या शांततेत माझ्या बाजूच्या स्पीकरमधून हूं हूं असा आवाज चढू लागला. वीज जनरेटरची होती, अर्थिंग नावापुरते होते, आणि माझ्या गिटारचे पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारा भाग) सिंगल कॉइलचे, म्हणजे विजेची गुणगुण सहज पकडणारे. गुणगुण तशी बारीकच होती. पण कोणी वाजवत नसताना कॉम्प्रेसर काहीच दाबत नाही आणि मेकअप गेनने (दाबून कमी झालेला आवाज भरून काढणाऱ्या त्या आउटपुटनेच) वाढवलेला आवाज मात्र पूर्ण बाहेर सोडतो. आपल्याकडच्या विजेची गुणगुण 50 हर्ट्झची आणि जाड तारेवरच्या तिसऱ्या पडद्याचा स्वर 49 हर्ट्झचा, त्यामुळे समोरच्या एका आजोबांना वाटले की मी वंदनेतही वाजवतोच आहे. आता गाणे संपले की मी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणतो, आणि मेकअप गेन तर इतकाच ठेवतो की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाची पातळी बदलू नये. आवाज वाढला की तो आपल्याला आपोआप चांगलाच वाटतो. त्या मोहात पडलास तर पेडल खरोखर काय करते आहे हे तुला कधीच कळणार नाही.

आता आकड्यांकडे येतो. रेशो चारास एक ठेवला, तर थ्रेशोल्डच्या 8 डेसिबल वर गेलेला स्वर 2 डेसिबलच वर राहतो, म्हणजे 6 डेसिबल दाबले जातात. सर्वांत जोराच्या स्वरांवर एवढे पुरे. एरवी दोन-तीन डेसिबलच्या पुढे मी जाऊ देत नाही. अटॅक तीसेक मिलिसेकंद, म्हणजे ठोका निसटतो आणि मागची शेपटी आवरली जाते. रिलीजकडे, म्हणजे दाब सुटायला लागणाऱ्या वेळाकडे, मात्र नीट लक्ष दे. जाड तार मोकळी छेडली की 41 हर्ट्झचा स्वर निघतो, त्याचे एक आवर्तनच सुमारे 24 मिलिसेकंदांचे. रिलीज त्याहून जलद ठेवला तर यंत्र एकेका आवर्तनामागे धावू लागते आणि स्वर खरखरीत होतो. उलट रिलीज फार संथ असेल, तर एका जोरदार स्वराने दाबलेले पेडल पुढचे दोन-तीन स्वरही दाबूनच सोडते. मिनिटाला 120 मात्रांच्या गाण्यात अर्धी मात्रा 250 मिलिसेकंदांची असते, म्हणून मी 150 ते 200 च्या दरम्यान थांबतो. 1967 साली आलेला 1176 हा कॉम्प्रेसर नावाजला तो त्याच्या मायक्रोसेकंदांतल्या अटॅकसाठी; पण तो मूळचा स्टुडिओतला, आणि स्टुडिओतली कीर्ती ऐकून मैदानात अटॅक जलद करणे म्हणजे माझीच चूक पुन्हा करणे.

साउंडवाल्याशी आधी बोलून घे, हे विसरू नकोस. त्याच्या मिक्सरवरही बेसच्या लाइनला कॉम्प्रेसर लागलेला असू शकतो. तुझा चारास एक आणि त्याचा चारास एक असे एकापुढे एक आले, की दोन्ही थ्रेशोल्डच्या वरचा स्वर सोळास एक दाबला जातो. स्पीकर सांभाळायला तो ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा लिमिटर लावतो, त्याला हरकत घेऊ नये. पण दोघांपैकी एकानेच कॉम्प्रेसर चालवावा, आणि साउंडवाला जाणता असेल तर मी आपले पेडल खुशाल बंद ठेवतो. साउंड चेकच्या वेळी गिटार दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन मैदानाच्या मध्यावर जाऊन ऐक. आमचा पॅडवाला तीन स्वरही धड वाजवत नाही, पण या कामाला तेवढे पुरते.

राहता राहिला तुझा दुसरा प्रश्न, की बोटांचा असमान जोर पेडलने झाकला जाईल का. थोडा झाकला जातो, पण तुझी अनामिका तर्जनीपेक्षा हलकी पडते ही तुझी जुनीच खोड आहे, आणि चारास एकनेही ती ऐकू येईल. पेडल बंद ठेवून रोज अर्धा तास एकाच तारेवर एकसारखे ठोके वाजव, आणि मग चालू करून पाहा. तेव्हा थ्रेशोल्ड किती वर नेता येतो ते बघून तुलाच नवल वाटेल.

पहिल्या मंडईची तारीख कळव. सोयाबीन घरात आले की मी मोकळा आहे. वडसा मार्गे येईन आणि मैदानात मागे उभा राहून ऐकेन.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
दारव्ह्याचा मित्र

ता. क. पेडलचा 9 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर घेताना पेडलवरची प्लस-मायनसची खूण जुळवून घे. आणि एक बॅटरीही खिशात असू दे. जनरेटरची गुणगुण अ‍ॅडॅप्टरमधून येते आहे का, ते बॅटरी लावली की लगेच कळते.