कॅज्युअल्टीत नंबर ओरडण्यावरून लागत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे, बरीच वर्षं झाली, आणि जवळपास प्रत्येक ड्युटीत एक वाक्य ऐकते: "आम्ही आधी आलोय, त्यांना आत कसं घेतलं?" त्यावरच लिहायचंय.

मध्यंतरी एका मुलाला हात कापला म्हणून आणलं, रक्ताने शर्ट माखलेला, मुलगा जोरजोरात ओरडतोय, सोबत सात-आठ जण. मी जखमेवर पॅड ठेवून घट्ट दाबलं, हात वर धरायला लावला, नाडी बघितली, बोटं हलतायत का, गरम आहेत का ते बघितलं आणि पुढे गेले. कारण मागे बाकावर एक माणूस नुसता मान टाकून बसला होता. नातेवाईक म्हणाले, "उलट्या होतायत, बाकी काही नाही." अंग घामाने चिंब, तोंडातून लाळ, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी 48, म्हणजे फारच मंद. कीटकनाशक पोटात गेलंय हे कोणी सांगायच्या आधीच कळलं. त्याला ट्रॉलीवर कुशीला वळवला, सक्शन मशीनने तोंडातली लाळ ओढली, ऑक्सिजन, डॉक्टरांना हाक, अ‍ॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) सुरू, आणि बाहेर हाताच्या मुलाचे लोक दार वाजवतायत.

जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, हे आम्हाला ओरडण्यावरूनच कळतं हो. भीती गप्प पेशंटची वाटते. आम्ही आधी श्वासाची वाट मोकळी आहे का बघतो, मग श्वास कसा चाललाय, मग रक्तस्राव आणि नाडी, मग शुद्ध, मग कपडे काढून सगळं अंग, आणि रक्त धो धो वाहत असेल तर ते सगळ्यात आधी थांबवतो. "बीपी नॉर्मल आहे ना" यावरही जाऊ नका. मोठ्या माणसात साधारण 5 लिटर रक्त असतं, त्यातलं दीड लिटरच्या आसपास जाईपर्यंत तरुण पेशंटचं बीपी टिकून राहू शकतं, त्याआधी नाडी पळायला लागते, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात. म्हणून आम्ही परत परत येऊन हात लावून बघतो, उगाच नाही.

त्या विषवाल्या पेशंटचे कपडे कापून आम्ही ग्लोव्हज घालून त्याला साबणपाण्याने पुसायला लागलो तेव्हा भाऊ चिडला, "इंजेक्शन द्यायचं सोडून आंघोळ काय घालताय!" इंजेक्शन चालूच होतं, पण हे कीटकनाशक कातडीतूनही आत जातं, ओले कपडे अंगावर ठेवले तर इकडे आम्ही उतारा देतोय आणि तिकडे विष जातंच आहे. आणि अ‍ॅट्रोपिन एकदा देऊन भागत नाही, छातीतलं पाणी कमी होऊन श्वास मोकळा होईपर्यंत देत राहावं लागतं.

घरी त्याला मीठ-पाणी पाजून उलटी काढायला लावली होती. कृपा करून हे करू नका. अर्धवट शुद्धीत उलटी फुप्फुसात जाते, अ‍ॅसिड असेल तर वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जळते, रॉकेल असेल तर फुप्फुसाचं वाटोळं होतं. त्यापेक्षा बाटली आणा, रिकामी असली तरी, लेबल फाटलेलं असलं तरी. आणि किती वाजता घेतलं ते खरं सांगा, आम्ही कोणाला बोल लावायला विचारत नाही, औषध त्यावर ठरतं.

वेळेवरून आठवलं, पॅरासिटामॉलच्या भरपूर गोळ्या खाल्लेला पेशंट पहिला दिवस अगदी ठणठणीत दिसू शकतो, नातेवाईक म्हणतात काही झालेलं नाही, घरी नेतो. लिव्हरचा त्रास दिसायला एक-दोन दिवस लागतात, आणि त्याचा उतारा गोळ्या घेतल्यापासून 8 तासांच्या आत सुरू झाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. असा पेशंट आम्ही थांबवून ठेवला तर सही करून घेऊन जाऊ नका, रक्ताचे रिपोर्ट तरी येऊ द्या.

आपली,
कॅज्युअल्टीतली एक सिस्टर