ग्रीन कार्डाचा अर्ज भरण्याआधी आई-वडिलांना विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांना तिथले नागरिकत्व मिळाले, की बहुतेक घरांत लगेचच आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला जातो. त्यामागे प्रेम आणि काळजीच असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अशा कुटुंबांची कागदपत्रे पाहण्याचे काम मी करत आलो आहे आणि त्या आधारे आग्रहाने सांगावेसे वाटते, की तुम्हाला तिकडे खरोखर राहायला यायचे आहे का, हा प्रश्न अर्ज भरण्याआधी आई-वडिलांना स्पष्ट शब्दांत विचारला गेला पाहिजे. "असू दे हाताशी, व्हिसाची कटकट तरी मिटेल," एवढ्याच विचाराने अनेक अर्ज होतात आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो.

हा मार्ग सोपा वाटण्याचे कारण उघड आहे. भाऊ-बहिणींसाठी केलेल्या अर्जांची रांग भारतीयांच्या बाबतीत पंधरा वर्षांहून लांब आहे आणि नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या कार्डांवर एका देशासाठी ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने आपली कर्तबगार मुलेही वर्षानुवर्षे ताटकळतात. याउलट २१ वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकाच्या आई-वडिलांना संख्येची कोणतीही मर्यादा नाही. रांग नाही, म्हणून अर्ज होतो.

कागदपत्रांची दमछाक मात्र चुकत नाही, विशेषतः आईच्या बाबतीत. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदीत कित्येकदा बाळाचे नावच नसते, वडिलांचे नाव आणि "मुलगी" एवढाच उल्लेख असतो. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने, लग्नात आडनावाबरोबर पहिले नावही बदललेले, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे घरात हाक मारण्याचे नाव! लग्नाची नोंदणी त्या काळी कोणी केलेली नसते. मग पिवळी पडलेली लग्नपत्रिका शोधायची, पन्नास वर्षांनी विवाहनोंदणी करायची, जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला काढायचा आणि माहेरची जी वडीलधारी माणसे हयात असतील त्यांची प्रतिज्ञापत्रे जोडायची. ही सर्व नावे एकाच बाईची आहेत, हे सिद्ध करताना थकलेल्या माउल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी कित्येकींना पुणे सोडायचेच नव्हते.

ग्रीन कार्ड हा कायमचा व्हिसा नव्हे, तर कायमच्या वास्तव्याचा परवाना आहे. ज्याचे घर अमेरिकेत आहे आणि जो तात्पुरता बाहेर जाऊन परत येतो, त्याच्यासाठी तो आहे. आपल्याकडे मात्र "सहा महिन्यांतून एकदा जाऊन आले, की कार्ड शाबूत राहते" असा समज इतका पक्का आहे, की तो नियमच असल्यासारखा एकमेकांना सांगितला जातो. असा नियम नाही. सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या माणसाकडे तो नव्याने प्रवेश मागत आहे अशा दृष्टीने पाहता येते आणि एक वर्ष वा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसते कार्ड प्रवेशासाठी पुरत नाही, हे खरे. पण त्याहून लवकर परतलो म्हणून हक्क आपोआप सुरक्षित राहतो असे मुळीच नाही. घर कुठे आहे, संसार कुठे आहे, कर कुठे आणि कोणत्या नात्याने भरला जातो, परदेशी जाण्याचे कारण खरोखर तात्पुरते होते का, हे सारे एकत्र पाहिले जाते. वर्षातला बहुतेक काळ जमैकात राहून मधूनमधून अमेरिकेत येणाऱ्या एका महिलेच्या प्रकरणात तिथल्या अपील मंडळाने १९७५ सालीच अशा फेऱ्या पुरेशा नसल्याचे स्पष्ट केले होते.

विमानतळावर नेमके काय होते, तेही सांगतो. अधिकारी विचारतो, आपण राहता कुठे? आपली सरळमार्गी माणसे सांगतात, "आम्ही पुण्यालाच असतो, मुलाला भेटायला आलो आहोत." यात खोटे काहीच नाही, पण कार्डधारकाच्या तोंडचे हे उत्तर त्याच्याच हक्कावर प्रश्नचिन्ह उभे करते. अशा वेळी समोर आय-४०७ हा फॉर्म ठेवला जाऊ शकतो. त्यावर सही करणे म्हणजे स्वखुशीने कायम वास्तव्याचा हक्क सोडणे. वीस-बावीस तासांच्या प्रवासाने शिणलेल्या ज्येष्ठांना ही सही बंधनकारक नाही, हे ठाऊक नसते. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडण्याचा हक्क त्यांना आहे आणि तिथे वास्तव्य सोडल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. ही माहिती विमानात बसण्याआधी प्रत्येक कार्डधारकाला असलीच पाहिजे.

आजारपण, घराची विक्री किंवा कोर्टाचे काम यासाठी भारतात दीर्घकाळ राहावे लागणार असेल, तर त्यासाठी री-एन्ट्री परमिटची, म्हणजे पुन्हा अमेरिकेत प्रवेश करण्याच्या परवान्याची सोय आहे. हे परमिट साधारणपणे दोन वर्षांसाठी मिळते, परंतु अर्ज करताना अमेरिकेत प्रत्यक्ष हजर असावे लागते. इथे पोहोचल्यावर चौकशीला येणाऱ्यांना मला दरवेळी हेच सांगावे लागते, की आता उशीर झाला.

बँकेत हयात घालवल्यामुळे मला सर्वाधिक चिंता वाटते ती कराची. कार्ड आहे तोवर जगभरातील उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. पेन्शन, मुदतठेवींचे व्याज, फ्लॅटचे भाडे आणि आपल्याकडे करमुक्त असलेले पीपीएफचे व्याजसुद्धा त्यात येते. इथल्या म्युच्युअल फंडांना तिथे फार जाचक नियम लागतात. अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांतील शिल्लक मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्या खात्यांची स्वतंत्र माहिती द्यावी लागते. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम ठेवीत घातलेला कोणताही मध्यमवर्गीय ही मर्यादा सहज ओलांडतो. कार्ड काढून देणारी मुले हे क्वचितच सांगतात, कारण त्यांच्या स्वतःच्या करांचे काम त्यांचा सल्लागार पाहत असतो आणि आई-बाबांच्या पुण्यातील ठेवी कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. शिवाय कार्डाची दहा वर्षांची मुदत संपली, की विषय संपला, हाही गैरसमजच आहे. मुदत कार्डाच्या प्लास्टिकची संपते. हक्क रीतसर सोडला नाही, किंवा सरकारने वा न्यायाधीशाने तो रद्द केला नाही, तर कराची जबाबदारी चालूच राहते. गेल्या १५ वर्षांपैकी ८ वर्षांत कार्ड बाळगून मग ते सोडणाऱ्यांना तर आधीच्या ५ वर्षांचे कर नियमाप्रमाणे भरल्याचे प्रमाणित करावे लागते, नाहीतर वेगळ्या कडक तरतुदी लागू होतात.

ज्यांना खरोखर तिकडे राहायचे आहे, त्यांनी जरूर जावे. एकुलत्या एका मुलाजवळ उतारवयात राहण्यात गैर काय? मात्र मग राहणे खरे असावे. वर्षाचा काही भाग मुलाकडे आणि काही भाग मुलीकडे राहणाऱ्यांनी घर बदलताना १० दिवसांत नवा पत्ता कळवावा. ओळखपत्र काढताना पुढे आलेल्या मतदार नोंदणीच्या कागदावर सही करू नये, कारण नागरिक नसताना केलेले मतदान देशाबाहेर काढण्यास कारण ठरू शकते. ६५ वर्षांवरील नवागताला मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, विकत घेण्यासाठीसुद्धा सलग ५ वर्षांचे वास्तव्य लागते, म्हणून तोपर्यंतच्या आरोग्यविम्याचा खर्च कोण आणि कसा करणार, हे तिकीट काढण्यापूर्वी मुलांशी बोलून ठरवावे.

ज्यांचे मन, मित्रमंडळी आणि डॉक्टर इथेच आहेत, त्यांच्यासाठी पर्यटक व्हिसाच योग्य आहे. तो भारतीयांना सहसा दहा वर्षांसाठी मिळतो आणि प्रत्येक भेटीत साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू दिले जाते. नातवंडांचे बारसे, मुंज, सुनेचे बाळंतपण यांना तेवढा काळ पुरतो. परंतु एकदा ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल झाला, की कायम राहण्याचा इरादा नोंदला जातो आणि पुढे पर्यटक व्हिसा मिळणे अवघड होऊ शकते. म्हणूनच निर्णय अर्जाच्या आधी व्हायला हवा. ज्यांच्याकडे कार्ड आहे, पण राहणे इथेच आहे, त्यांनी करसल्लागाराशी बोलून तोच आय-४०७ फॉर्म स्वतःहून भरून पाठवावा. त्याला शुल्क नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

आपल्या दैनिकाच्या ज्येष्ठांसाठीच्या पानावर दोन्ही देशांचे करकायदे जाणणाऱ्या सनदी लेखापालांचे आणि इमिग्रेशन वकिलांचे मार्गदर्शन नियमितपणे प्रसिद्ध करावे, अशी माझी विनंती आहे. मुलांचे फोन येतात तेव्हा "तुम्ही म्हणाल तसं" असे म्हणून होकार देणाऱ्या आई-वडिलांच्या हाती निदान तेवढी माहिती असावी.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी
कोथरूड, पुणे