जांभया

डोंबिवली, रविवार

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हात ठेवून रेकी दिलीस त्या बाईंबद्दल परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, त्या बाईंचं सगळं माझ्या अंगात आलं गं, दोन दिवस डोकं उठलंय." मी "मिठाच्या पाण्याने हात धू" म्हणून फोन ठेवला आणि मग रात्रभर तळमळत पडले. हे वाक्य आपल्या घरातलंच आहे. मीही ते बोललेय आणि माझ्या आधी आजी बोलायची, फक्त तिचे शब्द वेगळे होते.

आजी दृष्ट काढायची ते तुला आठवत असेल. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. चाळीतल्या बायका तान्ही पोरं घेऊन यायच्या. मिरच्या निखाऱ्यावर पडल्या आणि ठसका लागला नाही की सगळ्या माना डोलवायच्या. मग आजीला एकामागून एक जांभया यायच्या, डोळ्यांतून पाणी गळायचं. "बघा, केवढी दृष्ट होती, सगळी माझ्यावर आली," असं ती म्हणायची. मी दहा-अकरा वर्षांची, तिच्याकडे बघतच राहायचे. आमचा नळ पहाटे चारला यायचा आणि त्या नळावर आजी रोज पहिली असायची, हा हिशोब मात्र मी पन्नाशीला आल्यावर केला. दमले, असं म्हणायची त्या घरात सोय नव्हती. दुसऱ्याची दृष्ट अंगावर आली म्हटलं की कोणीतरी चहा आणून द्यायचं.

हात ठेवून ऊर्जा द्यायची ही जपानी विद्या, रेकी, मी शिकले ती 1996 साली. दीक्षेनंतर एकवीस दिवस स्वतःवरच हात ठेवायचे असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. रेकी सुरू करणारे उसुई जपानमधल्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवस उपाशी बसले होते असं म्हणतात, त्याच्याशी ते जोडून सांगत. मी चौथ्या दिवशीच सोडलं. पोटावर हात ठेवून पडले होते, आणि एकदम इतका राग आला की उठून मटार सोलत बसले. कोणाचा राग, ते बघायलासुद्धा थांबले नाही. पाचव्या दिवसापासून मात्र शेजारच्या काकूंचे गुडघे, वन्संची पाठ, तुझा खोकला, जे मिळेल त्यावर हात ठेवत सुटले. लोकांचं करायला मला कधीच कंटाळा नव्हता.

उसुईंनी 1922 मध्ये तोक्योत संस्था काढली, तिथली ती पाच तत्त्वं मी सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवली होती. "आजच्या दिवशी मी रागावणार नाही," हे पहिलं. त्याच महिन्यात तुझ्या बाबांशी माझा अकरा दिवस अबोला होता. रागावले कुठे होते? बोलत नव्हते, एवढंच!

आणि आता जे लिहायचं म्हणून कागद घेतला ते. त्या अकरा दिवसांत निरोप तू पोचवत होतीस. "बाबांना सांग पान वाढलंय." "आईला विचार माझा निळा शर्ट कुठंय." सहा वर्षांची होतीस. स्वयंपाकघर ते बाहेरची खोली, हातात बाहुली, आणि निरोप पोचवताना तू तो गोड करून सांगायचीस, मी ऐकायचे. मी म्हटलेलं नसायचं ते "प्लीज"सुद्धा त्यात घालायचीस. घरात पाऊल टाकल्या टाकल्या कोणाचं बिनसलंय ते तुला कळतं, त्याला तुझे गुरुजी जन्मजात देणगी म्हणतात. देणगी असेलही. पण ती तू कुठे कमावलीस ते मला माहीत आहे. त्या बाई नवऱ्याशी सहा महिने बोलत नाहीत असं तू सांगितलंस ना? मग डोकं दुखणार नाही तर काय होईल? पण ते त्यांचं नसेल, सई. तू जेवली होतीस का त्या दिवशी?

गुरुजी सात पिढ्यांचं शुद्धीकरण करायला सांगतात म्हणालीस. मी चेष्टा करत नाही. 1999 मध्ये आम्हीही त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी, पितरांच्या शांतीचा विधी, केला होता. तीन दिवस, मला नवी पांढरी साडी. कणकेच्या नागाला अग्नी देताना तुझे बाबा रडले. रात्री खोलीवर त्यांनी सांगितलं की त्यांच्या आधी एक भाऊ झाला होता, आठ महिन्यांचा होऊन गेला. आपल्या घरात त्या बाळाचं नाव कोणी घेत नसे, फोटो नाही, काही नाही. लग्नाला दहा वर्षं होऊन मला हे ठाऊक नव्हतं. विधीने पितरांचं काय झालं ते मी कशी सांगणार? पण बाबा त्या रात्री दोन तास बोलले, आणि खर्च वसूल झाला असं मला तेव्हाही वाटलं. मात्र घरी आल्यावर पुन्हा सगळं चिडीचूप.

आबांचं तर तुला माहीतच आहे. छातीत दुखत असताना "काही नाही, गॅस आहे" म्हणत होते आणि मी अर्धा तास हात ठेवून बसले होते. डॉक्टरांना फोन वन्संनी केला. आबा वाचले, पण त्या अर्ध्या तासाचं मी कोणाला सांगितलं नाही, आज तुला लिहितेय. रेकीने मन शांत होतं, हे मी अनुभवाने म्हणेन. आजार बरा होतो असं मी आता कोणाला सांगत नाही, आणि कोणाची गोळी बंद करायला तूही कधी सांगू नकोस.

लोकांना रेकीसाठी बसवायचं सोड असं मी म्हणत नाही. बसवण्याआधी वहीत दोन ओळी लिही: झोप झाली का, जेवले का, सध्या कोणाशी बोलत नाहीये. शेवटच्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं नाही. महिनाभर नवीन कोणी घेऊ नकोस. तो एकवीस दिवसांचा अभ्यास तू तरी पुरा कर, राग आला तर मटार सोलू नकोस.

आणि गेल्या महिन्यात मला बीपीची गोळी सुरू झाली. तुला सांगू की नको, यात तीन आठवडे गेले. वरचं दीडशेच्या पुढे जात होतं, आता ठीक आहे. बाबांना माहीत आहे, त्यांच्याशी मी स्वतःच बोलले. शनिवारी येशील तेव्हा माझ्यावर हात ठेव. पण आधी जेवायचं, कढी करून ठेवते.

तुझी,
आई