अमेरिकेतला फुटबॉल काल-परवाचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२६च्या विश्वचषकाच्या निमित्ताने आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेविषयी जे लेख आले, ते मी आवडीने वाचले. पण त्यांत एक विधान पुन्हा पुन्हा येते. अमेरिकेला फुटबॉल कळला तो पेले न्यूयॉर्कला खेळायला गेले तेव्हा, नाहीतर १९९४चा विश्वचषक भरवला तेव्हा, नाहीतर मेस्सी मायामीत दाखल झाला तेव्हा. हे खरे नाही. नव्या वाचकांच्या डोक्यात ते पक्के बसण्याआधी कुणीतरी खोडून काढायला हवे, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी निवडलेले स्टेडियम न्यू जर्सीत, ईस्ट रदरफोर्डला आहे. तिथून काही मैलांवर पसाइक नदीकाठी कर्नी नावाचे गाव आहे. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली शहरातून आलेल्या क्लार्क घराण्याने एकोणिसाव्या शतकात या नदीकाठी शिवणाच्या दोऱ्याच्या गिरण्या उभ्या केल्या आणि त्या चालवायला आपल्याकडचेच कामगार बोलावून घेतले. माणसे आली, तसा त्यांचा खेळही आला. १८८४ साली शेजारच्या नेवार्कमध्ये अमेरिकन फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. ब्रिटनबाहेर इतक्या लवकर अशी संघटना फारच थोड्या ठिकाणी होती. लगेच १८८४-८५च्या मोसमात तिने बाद पद्धतीची स्पर्धा सुरू केली. तिला अमेरिकन कप म्हणत. आपल्या देशात ड्युरँड कप १८८८ साली सिमल्याला सुरू झाला आणि मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ साली. म्हणजे ज्यांना आपण नवशिके म्हणतो, त्यांचा चषक आपल्या दोन्ही चषकांपेक्षा जुना!

पहिला अमेरिकन कप जिंकला क्लार्कच्या गिरणी कामगारांनी, न्यूयॉर्कच्या संघाला हरवून. पुढची दोन वर्षेही तोच संघ जिंकला. संघाचे नाव होते ओ.एन.टी. दोऱ्याच्या लाकडी रिळाच्या टोकाला जे गोल कागदी लेबल चिकटवलेले असे, त्यावर ही तीन अक्षरे छापलेली असत. ‘अवर न्यू थ्रेड’ या मालाच्या नावाची ती आद्याक्षरे. आठवडाभर जे रीळ हाताखालून जायचे, त्याचेच नाव घेऊन ही माणसे सुट्टीच्या दिवशी मैदानात उतरत. याच पेझ्लीतली दुसरी दोरा कंपनी म्हणजे कोट्स. मदुरा कोट्सची रिळे आपल्याकडे शिवणयंत्राच्या खणात असतात, तीच ही कंपनी. तिची अमेरिकेतली गिरणी ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी होती आणि गिरणीच्या नावाचे मैदानही होते, कोट्स फील्ड. या मैदानाचा उल्लेख पुढे येणार आहे.

न्यू जर्सीनंतर कप मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरला गेला आणि १८८८ ते १८९२ अशी सलग पाच वर्षे तिथेच राहिला. फॉल रिव्हर हे कापड गिरण्यांचे शहर, आणि तिथे इंग्लंडमधल्या लँकेशायरमधून आलेले कामगार मोठ्या संख्येने होते. रोव्हर्स, ऑलिंपिक, ईस्ट एंड हे तीन वेगवेगळे संघ, पण गाव एकच. कोल्हापूरच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की अख्खी पेठ स्टेडियमवर लोटते. फॉल रिव्हरमध्ये पेठेच्या जागी गिरणी आणि तिच्याभोवतीची चाळवस्ती होती, एवढाच फरक.

१८९३ची मंदी आली, गिरण्यांत संप झाले. १८९४ साली बेसबॉल संघांच्या मालकांनी घाईघाईने एक व्यावसायिक फुटबॉल लीग काढली, ती तीन आठवड्यांतही गुंडाळली. पुढे १८९८नंतर अमेरिकन कपही बंद पडला, तो १९०६पर्यंत.

मला मुख्यतः सांगायचे आहे ते १९१३-१४च्या मोसमाविषयी. देशभरातल्या सगळ्या संघांना खुला असलेला पहिला चषक या मोसमात खेळला गेला. त्याआधी दोन संघटनांत जुंपली होती. एक नेवार्कची जुनी, दुसरी १९११ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेली. १९१२ साली स्टॉकहोमला फिफाची परिषद भरली, तेव्हा नव्या संघटनेचे सचिव थॉमस केहिल तिथे जाऊन मान्यता मागू लागले. जुन्या संघटनेची बाजू इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे फ्रेडरिक वॉल यांनी मांडली. फिफाने सांगितले, आधी घरचे भांडण मिटवा. ५ एप्रिल १९१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष डॉ. रँडॉल्फ मॅनिंग हे पेशाने वैद्य होते आणि जर्मनीच्या फुटबॉल महासंघाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. चषक दिला सर थॉमस ड्यूअर यांनी, व्हिस्कीवाले ड्यूअर तेच. स्पर्धेचे नाव नॅशनल चॅलेंज कप.

पहिल्याच मोसमात ४० संघांनी नाव नोंदवले. सगळे सामने बाद पद्धतीचे, म्हणजे हरला तो घरी. मोसम पानगळीत सुरू व्हायचा आणि वसंतात संपायचा, त्यामुळे ईशान्य अमेरिकेचा बर्फाळ हिवाळा मधेच पडायचा. खेळणाऱ्यांत बहुतेक गिरणीत, गोदीत, कारखान्यात राबणारे. सामन्यासाठी परगावी जायचे तर कामाच्या वेळा सांभाळून आगगाडी पकडायची.

अंतिम फेरीत आले ते दोन्ही संघ ब्रुकलिनचे: ब्रुकलिन फील्ड क्लब आणि आयरिश वळणाचा ब्रुकलिन सेल्टिक. सामना मात्र ब्रुकलिनला झाला नाही. तो १६ मे १९१४ रोजी शे-दीडशे मैलांहून लांब, पॉटकेटच्या कोट्स फील्डवर खेळवला गेला. गावचा संघ मैदानात नसताना सुमारे दहा हजार लोक सामना पाहायला आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. फुटबॉल परका असलेल्या देशातली ही गर्दी नव्हे. दोन अनोळखी संघांचा चांगला खेळ पाहायला पदरचे पैसे मोडून येणारी, खेळातली खाचखोच जाणणारी ही गर्दी होती. १-१ अशी बरोबरी झाली आणि वेळ संपत आली. शेवटच्या काही मिनिटांत जेम्स फोर्डने गोल केला आणि फील्ड क्लब २-१ने जिंकला.

त्या मोसमात फील्ड क्लबकडून रॉबर्ट मिलर नावाचा खेळाडू खेळत असे. तोही पेझ्लीचाच, तिथल्या सेंट मिरेन क्लबकडून खेळून अमेरिकेत आलेला. १९३०च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेच्या संघाचा प्रशिक्षक तोच होता. त्या स्पर्धेत अमेरिकेने बेल्जियम आणि पॅराग्वे या दोघांनाही ३-० असे हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. पॅराग्वेविरुद्धचे तिन्ही गोल बर्ट पॅटनॉडचे. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅटट्रिक, आणि पॅटनॉड फॉल रिव्हरचा पोरगा! फिफाने त्या हॅटट्रिकवर अधिकृत शिक्का मारला तो २००६ साली, म्हणजे तब्बल ७६ वर्षांनी. दखल घ्यायला जगाने एवढा उशीर केला, आता निदान आपण तरी करू नये.

पहिल्या मोसमानंतर काही वर्षे पेन्सिल्व्हेनियाच्या बेथलेहेम स्टील या पोलाद कारखान्याच्या संघाने गाजवली. १९१५, १९१६, १९१८, १९१९ आणि १९२६ अशी पाच वेळा त्यांनी ही स्पर्धा जिंकली. १९१६चा अंतिम सामनाही पॉटकेटलाच झाला. बेथलेहेमने पेनल्टीवर १-०ने तो जिंकला आणि फॉल रिव्हरचे चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले. पुढच्याच वर्षी फॉल रिव्हर रोव्हर्सने त्याच मैदानावर बेथलेहेमला १-०ने हरवले. गोल टॉमस सोर्ड्सचा, तोही पहिल्याच मिनिटाला. आदल्या वर्षी स्टॉकहोममध्ये अमेरिकेने स्वीडनला ३-२ असे हरवले होते. तो अमेरिकेचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना, आणि त्यात कर्णधार हाच सोर्ड्स होता. गोव्यातल्या वाचकांना बेथलेहेम स्टीलची कहाणी वाचताना धेंपो आणि साळगावकर आठवतील. तिकडे पोलाद, इकडे खाणी.

मग हा खेळ मागे का पडला? ‘अमेरिकनांच्या रक्तातच फुटबॉल नाही’ हे आपल्या लेखांतले उत्तर मला पटत नाही. १९२८ साली अमेरिकन सॉकर लीग या व्यावसायिक लीगने या चषकावर बहिष्कार घालायचे ठरवले, कारण त्याच्या तारखा लीगच्या मोसमात घुसत होत्या. बेथलेहेम स्टीलसह तीन क्लबांनी बहिष्कार झुगारला, लीगने त्यांना निलंबित केले, राष्ट्रीय संघटना त्या क्लबांच्या पाठीशी उभी राहिली. भांडण चिघळत असतानाच १९२९ची महामंदी आली. १९३० साली बेथलेहेमचा संघ बंद झाला, फॉल रिव्हरच्या गिरण्यांना एकामागून एक टाळे लागले. खेळाडू होते, प्रेक्षक होते. पदाधिकाऱ्यांची अडेलतट्टू भांडणे आणि बंद पडलेल्या गिरण्या यांच्या कात्रीत खेळ सापडला. ‘रक्तात नाही’ म्हटले की ही सगळी जबाबदारी कुणाचीच उरत नाही, म्हणून ते वाक्य मला जास्त सलते.

आणि तरीही धागा तुटला नाही. १९५० साली ब्राझीलमध्ये अमेरिकेने इंग्लंडला १-०ने हरवले, त्या संघात फॉल रिव्हरचे सूझा आडनावाचे दोन खेळाडू होते, पोर्तुगीज वंशाचे. १९९४चा विश्वचषक, जिथून आपले लेखक अमेरिकेचा फुटबॉल मोजायला सुरुवात करतात, त्यातल्या अमेरिकेच्या संघातले गोलरक्षक टोनी मेओला, जॉन हार्क्स आणि टॅब रामोस हे तिघे कर्नी आणि तिच्या लगतच्या वस्तीत खेळून मोठे झाले. म्हणजे १८८५ साली ज्या गावाने पहिला कप उचलला, त्याच गावाच्या मातीतून १९९४चा गोलरक्षक आला. ‘१९९४ साली सुरुवात झाली’ असे लिहिताना एवढी एक गोष्ट लक्षात घेतली असती तरी पुरे होते.

१९१४चा तो चषक आजही खेळला जातो. १९९९पासून त्याला अमेरिकेतल्या फुटबॉलचे आश्रयदाते लामार हंट यांचे नाव आहे, आणि नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे हौशी संघ आजही त्यात व्यावसायिक क्लबांपुढे उभे राहतात. मुंबईचा रोव्हर्स कप त्याहून २३ वर्षे जुना. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकून पलटणींच्या संघांची मक्तेदारी मोडली, आणि या शतकाच्या तोंडावर तो बंद पडला. कूपरेजवर तो पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत.

संपादक महाशय, माझ्या विनंत्या दोन. अमेरिकेतल्या फुटबॉलवर पुढे जे लिखाण येईल, त्यात कर्नी, फॉल रिव्हर, पॉटकेट आणि १६ मे १९१४ला जागा मिळावी. आपला अंक ऑनलाइन वाचणारी कितीतरी मराठी कुटुंबे जर्सी सिटी आणि एडिसनला राहतात. त्यांच्यापैकी कुणी कर्नीला जाऊन तिथल्या जुन्या फुटबॉलविषयी लिहून पाठवले, तर ते छापावे.

दुसरी विनंती आपल्या दप्तराविषयी. अमेरिकेतले अभ्यासक त्या काळचे मोसम पुन्हा उभे करू शकले, कारण गावोगावच्या दैनिकांनी सामन्यांचे वृत्तान्त आणि संघांची नावे छापून ठेवली होती. आपल्या जुन्या अंकांत रोव्हर्स कपचे आणि कोल्हापूरच्या स्पर्धांचे असे वृत्तान्त नक्कीच असणार. ते शोधून दर रविवारी एक याप्रमाणे, तेव्हाच्या संघांच्या नावांसह पुन्हा छापावेत. जुनी नावे ओळखणारे वाचक आज हयात आहेत, आणि त्या संघांतला कोण कुठला हे त्यांना विचारता येईल.

आपला,
एक नियमित वाचक,
कोल्हापूर