अक्का जेवायला येतेय

प्रिय विन्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण आधी हे ऐक. अक्का जेवायला येतेय. हो, तीच. वर निरोप असा की, "स्टेक कर, पण लाल ठिपका दिसला तर उठेन." मागच्या वेळी ताट सरकवून ती उठली तेव्हा तू शेजारीच होतास, म्हणून हे तुलाच लिहितोय.

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

तर पेच असा. आमच्या हिला मीडियम रेअर हवा, म्हणजे मध्ये गुलाबी, आतून 54 ते 57 अंश सेल्सिअस. अक्काला वेलडन, म्हणजे पूर्ण शिजलेला, 71 च्या वर. आणि दोघींना एकदम वाढायचं. तू म्हणशील, अक्काला समजाव, ते लाल म्हणजे रक्त नव्हे, मायोग्लोबिन नावाचं प्रथिन आहे, साठ अंशांच्या पुढे तापलं की तपकिरी पडतं. मागच्या वेळी तुझं हेच भाषण चालू असताना ती उठली! आणि खरं सांगू, मला तिचं पटतं. खाणार ती, तर कसं हवं ते तिनेच सांगावं. अडचण एवढीच की पासष्ट अंशांच्या पुढे मांसाचे तंतू जोरात आकसतात आणि आतलं पाणी पिळून काढतात. वेलडन म्हणून चप्पल वाढली तर ती मुकाट्याने चावत बसेल, आणि ते उठून जाण्यापेक्षा वाईट.

म्हणून अक्कासाठी रिबआय, म्हणजे बरगडीकडचा तुकडा, चरबी भरपूर असल्याने जास्त शिजणं सोसते. दोन्ही तुकडे चार सेंटिमीटर जाड. आदल्या रात्रीच मीठ लावून फ्रिजमध्ये उघडे ठेवायचे, म्हणजे वरून कोरडे होतात. ओव्हन 120 वर. अक्काचा आधी आत, 65 ला बाहेर. हिचा नंतर, 48 ला बाहेर. मग दोन्ही कडकडीत तव्यावर, फक्त खरपूस होईपर्यंत. रस आत कोंडण्यासाठी नव्हे! भाजल्याने रस आत कोंडतो म्हणणाऱ्या त्या जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख महाशयांची बाजू तू अजून सोडली नसशील, पण तव्यावर चुरचुरतं ते बाहेर पडणारं पाणीच ना? भांडायचं तर समोर ये.

अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून स्टेक किती शिजला ते ओळखायची तुझी विद्याही राहू दे. तुझा तळहात वेगळा, माझा वेगळा. थर्मामीटर आणलाय. बाजूने आडवा खुपसायचा, टोक बरोबर मध्यावर. उतरवल्यावरही आतला आकडा थोडा चढतो, तेवढं आधीच धरायचं.

नवं काम कसं आहे? घर लागलं का? वहिनींना नमस्कार, पिल्लूचा दात पडला म्हणे.

आता खरी धास्ती. अक्काचा तुकडा साधेल, पण हिच्या ताटातला गुलाबी तिला दिसणारच. दोघींना समोरासमोर बसवू की एका बाजूला? मी मध्ये बसलो तर हिचं ताट झाकलं जाईल का? लगेच लिही. फोन नको, अक्का आधीच येऊन राहणार आहे आणि फोन तीच उचलते.

तुझा,
बंड्या