तो रजेवर आलेला मुलगा मी आहे

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला परदेशस्थांवरचा लेख वाचला. रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला, तरी राग गेला नाही म्हणून लिहितो आहे. मागचा माणूस रांगेत अंगाला खेटला की आम्ही दचकतो, दिलेल्या वेळेला कुणी आलं नाही की घड्याळ बघतो, हॉर्नच्या आवाजाने कावतो, हे सगळं कबूल. एकोणीस वर्षं बाहेर राहिलं की सवयी मोडतात. त्यावर लेखकाने हसावं, माझी तक्रार नाही.

तक्रार शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. रजेवर आलेला मुलगा घरच्या आजारपणात डॉक्टरांना नको ते प्रश्न विचारतो आणि घराची घडी विस्कटून निघून जातो, असं तिथे लिहिलंय. अशांना लेखकाने ‘पंधरा दिवसांचे सुधारक’ असं नावही दिलंय. तो मुलगा मी आहे.

बाबांशी माझं दर रविवारी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. मग दादा म्हणू लागला की नेट नीट चालत नाही, नुसतं बोलू. चार महिने मी नुसता आवाज ऐकला. ‘बरं आहे सगळं’ हे वाक्य दादा म्हणायचा, वहिनी म्हणायची, मागून आईही म्हणायची. मी विश्वास ठेवला. घरच्यांवर नाही ठेवायचा तर कुणावर?

रजा आधीच ठरलेली होती, तिच्यात गेलो. दार बाबांनीच उघडलं. शर्टाच्या कॉलरमध्ये मान कुठेच टेकत नव्हती. तिसऱ्या दिवशी चार्जर शोधताना कपाटात फाईल सापडली. पहिल्या रिपोर्टवरची तारीख सात महिन्यांपूर्वीची होती. मी तिथेच मोठ्याने विचारलं, हे काय आहे? वहिनीने आधी खोलीचं दार लावलं. दादा म्हणाला, ‘हळू बोल. त्यांना माहीत नाही.’ आणि मग, ‘तू लांब असतोस, उगाच जिवाला घोर नको म्हणून तुलाही सांगितलं नाही.’

सात महिन्यांत मी दोनदा येऊ शकलो असतो. हे मी कुणाला परत मागू?

डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी माझ्याकडे न बघता दादाला विचारलं, ‘यांना किती सांगायचंय?’ बाबा बाहेर बाकावर बसले होते. ज्यांचं शरीर, ते बाहेर, आणि आम्ही तिघे आत. मी त्या दिवशी चढ्या आवाजात बोललो, ते चुकलं. पण जे विचारलं ते चुकलं नाही.

रात्री बाबांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, ‘हे सगळे माझ्याशी लहान मुलासारखं बोलतात. तू आत्ताच आलायस, तुला अजून सवय झाली नसेल. काय झालंय मला?’ मी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, किती पसरलाय तेही सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘वाटलंच होतं.’ सकाळी त्यांनी बँकेची कागदपत्रं काढायला लावली, आईच्या नावावर काय काय करायचं ते लिहून घ्यायला लावलं, आणि तीस वर्षं अबोला असलेल्या एका मित्राला स्वतः फोन केला. त्यानंतर ते अकरा आठवडे होते. त्यातले पाच मी राहू शकलो.

संपादक महोदय, घराची घडी विस्कटली ती ही. दादा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी त्याला दुष्ट म्हणत नाही. सात महिने त्याने ते एकट्याने वागवलं, रात्री-अपरात्री गाडी काढली, बाबांसमोर चेहरा हसरा ठेवला. मी हजारो मैलांवर झोपलेला होतो. त्याचे हे उपकार मी फेडू शकत नाही, आणि तरीही त्याने मला सांगायला हवं होतं. बाबांना तर हवंच होतं.

रुग्णाला खरं सांगावं या आग्रहाला लेखकाने सरळ ‘तिकडची संस्कृती’ म्हटलंय. तिकडेही हे पूर्वापार नाही. १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातले सुमारे ९० टक्के डॉक्टर कॅन्सरच्या रुग्णाला निदान सांगायचं टाळत होते. १९७९ साली दुसऱ्या एका अमेरिकी रुग्णालयात तसंच विचारलं, तर ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधे गेली फक्त अठरा वर्षं, माझ्या परदेशातल्या वर्षांपेक्षाही एक कमी. आणि १९९५ सालच्या एका अभ्यासात लॉस एंजेलिसमधल्या ८०० वृद्धांना विचारलं होतं की बळावलेल्या कॅन्सरचं निदान रुग्णाला सांगावं का. युरोपीय वंशाच्यांपैकी ८७ टक्के हो म्हणाले, मेक्सिकन वंशाच्यांपैकी ६५ टक्के आणि कोरियन वंशाच्यांपैकी ४७ टक्के. शहर एकच. देश सोडला म्हणून माणूस घरची रीत विमानतळावर टाकून जात नाही. माझ्या ओळखीच्या परदेशस्थांमध्ये निम्मे तरी दादाची बाजू घेतात, लेखकाने त्यांच्याशी बोलायला हवं होतं.

आल्फ्रेड शुट्झ नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होते. व्हिएन्नाचे, १९३९ साली न्यूयॉर्कला येऊन स्थायिक झालेले. घरी परतणाऱ्या माणसाबद्दल त्यांनी १९४५ साली लिहिलं. परक्या देशात जाणाऱ्याला सगळं अनोळखी असणार हे माहीत असतं, तो तयारीने जातो. घरी येणाऱ्याला वाटतं की आठवणीतून आपलं घर जसंच्या तसं उचलून घेता येईल, आणि तिथेच त्याला ठेच लागते. मला ती ठेच हॉर्नमुळे लागली नाही. माझ्याच घरात माझ्यापासून काय लपवायचं हे ठरवणारी एक बैठक झाली होती आणि मी तिच्यात नव्हतो, तिथे लागली.

आणखी एक. तुमच्या ई-आवृत्तीतून निधनवार्तांचं पान गेल्या वर्षापासून गायब आहे. छापील अंकात ते असतं. जे गावात आहेत त्यांना बातमी तशीही कळते. ते पान खरं तर आमच्यासारख्यांच्या कामाचं, कारण ‘काळजी करशील’ म्हणून जे आम्हाला सांगितलं जात नाही ते तिथे छापलेलं असतं. शाळेतले माझे एक शिक्षक गेले, ते मला पाच महिन्यांनी कळलं. बाबांची चौकट तुमच्याच अंकात आली होती. मी इथून पाहू शकलो नाही, वहिनीने कात्रणाचा फोटो काढून पाठवला. याबद्दल मी दोनदा ई-मेल केला, उत्तर आलं नाही. ते पान ई-आवृत्तीत पुन्हा सुरू करावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक
(दादाही आपलाच अंक वाचतो. कृपया नाव छापू नये.)