मोडी कागदांवरची चित्रे : आधी वाचा, मग रंगवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या लिखित कागदांवर नवी चित्रे रंगवून ती चौकटीत घालून विकण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. जयपूर-उदयपूरकडचे चित्रकार संस्थानी काळातील स्टँपपेपरांवर आणि पोस्टकार्डांवर हत्ती, घोडे, उंट रंगवीत आले आहेत. त्यात आता मोडी कागदांचीही, म्हणजे मराठीच्या जुन्या मोडी लिपीत लिहिलेल्या कागदांचीही, भर पडलेली दिसते. त्याविषयी हे पत्र.

चित्रकारांची बाजू मला समजते. जुना हातकागद खळ देऊन, अकीकाने घोटलेला असतो. त्यामुळे रंग आत झिरपत नाही आणि बारीक रेघ फुटत नाही. शंभर-दीडशे वर्षांत त्यावर चढलेली पिवळसर छटा चहाच्या पाण्याने आणता येत नाही. कागद पुन्हा वापरणे हा काही गुन्हा नव्हे. माझी हरकत एवढीच आहे की, त्यावर काय लिहिले आहे हे रंगवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला बहुधा वाचता येत नाही, आणि तरीही तो मजकूर निकामी असल्याचा निकाल तिघांनी मिळून देऊन टाकलेला असतो.

एका परिचितांच्या दिवाणखान्यातील असे एक चित्र मी जवळून पाहिले. घोडेस्वार सुरेख होता, आयाळीचा केस न् केस वेगळा काढलेला. कागद मात्र कुठल्याशा गावच्या वतनाच्या तंट्याचा महजर, म्हणजे साक्षीदारांसमक्ष झालेले निवाडापत्र, होता. ‘मौजे’ हा शब्द स्वच्छ वाचता येत होता. पुढे गावाचे नाव असायला हवे, तिथे घोड्याची मागची टाप होती. खाली एका साक्षीदाराच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहून शेजारी चार रेघांत नांगर काढलेला होता. लिहिता न येणारे शेतकरी सहीऐवजी नांगराची आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करीत, हे मोडी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणजे या कागदावर चित्र आधीच होते! उरलेल्या साक्षीदारांच्या खुणा घोड्याच्या पायांखालच्या हिरवळीत गेल्या असाव्यात.

हे नुकसान भरून येणारे नाही. मोडी कागदांची शाई बहुधा काजळाची, डिंकात कालवलेली असते, आणि वरचे रंगही डिंकातलेच. उद्या कोणी रंग पुसायला गेले, तर खालचे अक्षरही त्याबरोबर निघून येईल. शिवाय चित्र ताठ राहावे म्हणून कागद पुठ्ठ्यावर चिकटवला, की पाठीवरचा मजकूर, शेरा, एखादे वेळी शिक्काही कायमचा दिसेनासा होतो.

‘महत्त्वाचे कागद सरकारी दप्तरात आहेतच की’, असे यावर हमखास ऐकायला मिळते. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड निघाले, हे खरे. पण इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, त्यांतले कितीतरी कागद त्यांनी गावोगाव हिंडून घराघरांतल्या दप्तरांतून मिळवलेले होते. कुळकर्ण्याचे दप्तर, सावकाराची खते, वाटण्यांचे कागद हे सारे माळ्यावर राहिले, आणि वाडा पाडून इमारत उभी राहताना ते रद्दीत जाते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचकांची शोधाशोध सुरू झाली, हे आपल्या वाचकांना आठवत असेलच. टापेखाली गेलेल्या त्या गावातल्या कुणाला असा कागद कधी हवा असेल, हे आज कोण सांगणार?

कायदाही या बाबतीत मुका नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेले, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित हे पुरावशेष ठरते. ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पण तेच पान रंगवले, की ते हस्तकलेची वस्तू म्हणून पर्यटकाच्या बॅगेत सहज जाते. त्यातच जुन्या कागदावरचे कालचे चित्र जुने म्हणून खपवणारेही आहेतच.

जुन्या कागदावर अर्थपूर्ण काम होऊ शकत नाही, असे मी म्हणत नाही. अमेरिकेत १८७५ ते १८७८ या काळात फ्लोरिडातील फोर्ट मॅरियन येथे कैदेत असलेल्या शायान, कायोवा आदी जमातींच्या योद्ध्यांनी हिशेबाच्या वह्यांवर आपल्या शिकारीची आणि लढायांची चित्रे काढली. त्यांचे आजचे वारसदार चित्रकार जुन्या खतावण्या मुद्दाम शोधून वापरतात, कारण गोऱ्यांच्या जमाखर्चावर आपले आयुष्य रेखाटणे हेच त्या चित्राचे म्हणणे असते. तिथे मजकूर आणि चित्र एकमेकांशी भांडतात. आपल्याकडे मोडी लिखाण केवळ नक्षीसारखे मागे पसरलेले असते.

म्हणून चित्रकारांना आणि कलादालनांना विनंती आहे की, लिहिलेला कागद हाती आला तर आधी दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढावीत, मोडी जाणणाऱ्याकडून निदान गाव, साल आणि विषय वाचून घ्यावा, आणि कागद मोलाचा निघाला तर तो भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवावा. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, त्यामुळे वाचणारा मिळत नाही ही सबब आता चालणार नाही. दप्तरातले कोरे बंद (न लिहिलेले सुटे कागद) किंवा एकाच छाप्याचे कोरे फॉर्म खुशाल रंगवावेत. आणि हवा असेल तो नुसता हातकागदाचा पोतच, तर खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो आजही बनतो.

आपला,
एक मोडी वाचक, पुणे